सूज केव्हा आली?

आमच्या गल्लीतला रस्ता दोन वर्षांपूर्वी सिमेंटचा झाला. झाला म्हणजे जुन्या डांबरावर वीतभर चढला आणि दोन्ही बाजूंची माती होती तिथेच राहिली. नागपूरकराला हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको. आपल्याकडे कित्येक घरांत आता रस्त्यावरून खाली उतरूनच जावं लागतं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी महाल भागातून घरी येत होते. ॲक्टिव्हाच्या पायदानावर पिशवीत एक लाकडी नंदी, धाकट्या जावेच्या पोरासाठी, तान्हा पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या पोरांच्या पोळ्याला, न्यायला. गल्लीत शिरले तर समोरून पाण्याचा टँकर. मी गाडी डावीकडे दाबली, थांबवली आणि सवयीनं डावा पाय खाली ठेवला. जिथे जमीन असायला हवी होती तिथे ती नव्हती. वीतभर खाली होती आणि तिच्यावर गिट्टी पसरलेली. पाय बाहेरच्या बाजूला घसरत गेला, मांडी सीटला अडकून राहिली आणि या दोघांच्या ओढाताणीत गुडघा आतल्या बाजूला गेला. देवानं त्याला ज्या बाजूला वाकायची परवानगीच दिलेली नाही, त्या बाजूला. गाडी, मी आणि नंदी, तिघंही पडलो. नंदीचं एक शिंग तुटलं.

आज मी हे असं क्रमानं सांगू शकते, कारण पुढे एका माणसानं माझ्याकडून ते अक्षरशः वदवून घेतलं. त्या संध्याकाळी मात्र घरी, शेजारी, ऑफिसात, फोनवर, सगळ्यांना मी एकच वाक्य सांगत होते: गुडघा मुरगळला.

आई माझ्याकडेच असते. तिनं रात्री आंबेहळद उगाळली, पळीत गरम केली आणि माझ्या पायाशी बसली. बसली म्हणजे स्टुलावर. खाली बसणं तिनं सोडलं त्याला सात-आठ वर्षं झाली.

“कुठं दुखते वं?”

“गुडघा.”

“अवं, पन गुडघ्यात कुठं?”

“सगळाच दुखतो गं, लाव ना तू.”

तिनं लावली. त्या दहा दिवसांत मला कोणी विचारलेला तो एकमेव शहाणा प्रश्न होता आणि मी तो असा वाटेला लावला.

बाकीच्यांनी काही विचारलं नाही, थेट इलाज सांगितले. समोरच्या काकूंच्या मते ग्रीस संपलं असणार, चाळिशीनंतर बायकांचं संपतंच, बाभळीच्या शेंगांची पूड सुरू कर. वरच्या मजल्यावरून निर्गुडीचा पाला आला, तव्यावर गरम करून बांधायला. ऑफिसातल्या शिपायाच्या गावात एक हाडवैद्य होता, एका झटक्यात बसवून देतो म्हणे. काय बसवून देतो हे त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही. तान्हा पोळ्याच्या दिवशी मी उशीवर पाय टाकून फोनवर मारबतीची मिरवणूक बघत होते. काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे रोगराई-इडापिडा गावाबाहेर घेऊन जाणारे ते मोठे पुतळे, इतवारीच्या गर्दीतून डुलत चालले होते आणि आई खुर्चीतून फोनच्या दिशेनं ओरडत होती, “खोकला-खासी घेऊन जाय वं मारबत! गुडघेदुखी घेऊन जाय वं मारबत!” गुडघेदुखी ती दोनदा म्हणाली. एकदा माझी, एकदा तिची.

मारबतीनं नेली नाही. मग मी धंतोलीत गेले.

धंतोली म्हणजे दवाखान्यांचं गाव. ज्या दवाखान्यात गेले त्याचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, तिथे जे झालं ते कुठेही होऊ शकतं. बाहेर चाळीसेक माणसं, आत डॉक्टर. “काय झालं?” “मुरगळला.” “किती दिवस?” “दहा.” एमआरआयची चिठ्ठी हातात. दीड मिनिट लागलं असेल. मी डॉक्टरला एकट्याला दोष देत नाही. अख्खा अपघात मी एका क्रियापदात गुंडाळून दिला होता, त्यानं तरी काय करावं. पण एक गोष्ट खटकली आणि ती तेव्हा मला शब्दांत पकडता आली नाही.

एमआरआयच्या नळकांड्यात मी पाऊण तास ठकठक ऐकत पडले, साडेसहा हजार भरले आणि दुसऱ्या दिवशी पाकीट घेऊन परत गेले. रिपोर्टातलं इंग्रजी मी घरी तीनदा वाचलं होतं. मीडियल मेनिस्कसच्या पोस्टेरिअर हॉर्नमध्ये ग्रेड टू सिग्नल. मीडियल कोलॅटरल लिगामेंटला ग्रेड टू इजा. सांध्यात थोडं पाणी. डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली आणि म्हणाले, “गादी खराब झालीय. दुर्बिणीतून साफ करून घेऊ. पुढच्या गुरुवारी तारीख आहे.”

लग्नाला उतावीळ झालेल्या माणसाला आपण गुडघ्याला बाशिंग बांधलेला म्हणतो. इथे बाशिंग माझ्याच गुडघ्याला होतं आणि मुहूर्तही निघाला होता.

घरी आल्यावर मी सक्करदऱ्याला बहिणीकडे फोन केला. तिच्या मुलानं उचलला. वय वीस, कबड्डीचा रेडर, आणि गुडघ्याच्या बाबतीत आमच्या घराण्यातला सर्वांत अनुभवी माणूस. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मावशी, त्यांनी गुडघ्याले हात लावला का?”

मला जे खटकलं होतं ते हेच.

पोराची कहाणी इथे सांगायलाच हवी, कारण तो प्रश्न त्याला फुकट सुचलेला नव्हता. आदल्या वर्षी रेशीमबागेच्या मैदानावर तो चढाईला गेला होता. परत वळताना डावा पाय मातीत रोवला, अंग मध्यरेषेकडे वळलं, पाय वळला नाही. कोणी पकडलं नव्हतं, कोणाचा धक्काही नव्हता. आतून ‘फट्’ असा आवाज आला आणि तो इतका स्पष्ट होता की कव्हरवरच्या पोरानंही ऐकला. पोट्ट्यांनी त्याला स्कूटरवर मध्ये बसवून घरी आणलं. सक्करदऱ्यापर्यंत पोचेतो, म्हणजे तासाच्या आत, गुडघ्याचा नारळ झाला होता. वाटी दिसत नव्हती, पँट फाडून काढावी लागली. रात्री एक्स-रे काढला. नॉर्मल. बहिणीनं देवापुढे साखर ठेवली. हाड शाबूत म्हणजे काही नाही, मुका मार आहे, असं सगळ्यांचं ठरलं. मालिशवाले आठ दिवस येऊन तेल चोळून गेले. तीन आठवड्यांत पोरगा चालायला लागला, दीड महिन्यात सरळ पळायलाही लागला. मग एके दिवशी जिना उतरताना वळणावर गुडघा त्याच्या खालून निघून गेला. त्याचेच शब्द: “मी होतो, पाय होता, मधला गुडघा नव्हता.” असं आणखी तीनदा झालं तेव्हा कुठे निदान झालं. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या ऐन मध्यात नडगीच्या हाडाला पुढे सरकू न देणारी ती तिरपी दोरी, पूर्ण तुटली होती.

साधारण अर्ध्या बोटाएवढी लांब असते ती. एक्स-रेत दिसत नाही, कारण एक्स-रे हाडाचा असतो. क्वचित तिच्या तुटण्याबरोबर नडगीच्या वरच्या बाहेरच्या काठाचा एक टवका निघतो आणि तो एक्स-रेत चुगली करतो. पॅरिसच्या पॉल सेगाँ यांनी १८७९ साली, म्हणजे क्ष-किरणांचा शोध लागायच्या आधीच, मृतदेहांच्या गुडघ्यांवर तो टवका पाहून ठेवला होता. पण आमच्या पोराच्या फिल्मवर तो नव्हता. असायलाच हवा असंही नाही. त्याच्या बाबतीत निदान एक्स-रेवर लिहिलेलं नव्हतंच. ते तीन गोष्टींत होतं: धक्का न लागता वळताना झालं, ‘फट्’ वाजलं, आणि तासाभरात गुडघा भरला. या दोरीला रक्तवाहिन्या आहेत. ती तुटली की रक्त सांध्याच्या बंद पिशवीतच साचतं, म्हणून सूज इतक्या घाईनं येते. तरुण खेळाडूचा गुडघा असा तास-दोन तासांत टम्म झाला तर निम्म्याहून जास्त वेळा ही दोरी गेलेली निघते. हे त्या रात्री कोणी विचारलं असतं तर मालिशचे आठ दिवस वाचले असते. सूज कशी उतरेल यावर सगळं घर भांडत होतं, ती केव्हा आली हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

त्याचं ऑपरेशन झालं, मांडीच्या मागच्या स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा घेऊन नवी दोरी केली. मैदानावर परतायला नऊ महिने तरी थांब, अशी सक्त ताकीद मिळाली. प्रत्येकाला ऑपरेशन लागतंच असं मात्र नाही. स्वीडनमध्ये १२१ तरण्या माणसांवर झालेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात अर्ध्यांना आधी नुसता व्यायाम दिला आणि जमलं नाही तर ऑपरेशन करू असं सांगितलं. त्या ५९ जणांपैकी दोन वर्षांत २३ जणांनी ते करून घेतलं, पाच वर्षांपर्यंत ३० जणांनी. उरलेल्यांचं काही अडलं नाही. पण रेडरला वळल्याशिवाय चालत नाही, आणि आमच्याला कबड्डी सोडायची नव्हती.

तर त्यानं मला, त्याचाही गुडघा तपासलेल्या, एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, महालातल्या एका जुन्या वाड्याच्या ओसरीवर संध्याकाळी दोन तास बसतात. भिंतीवर कॅलेंडर, कोपऱ्यात लाकडी टेबल, वर पडवीचा पंखा कुईंकुईं करणारा. मी पाकीट पुढे केलं. त्यांनी ते न उघडता खिडकीत ठेवलं, वर पाण्याचा तांब्या ठेवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून.

“हे नंतर. गाडी कशी पडली सांगा, ताई.”

“गुडघा मुरगळला.”

“तो मुरगळला हे तुम्ही मला शेवटी सांगायचं. आधी गाडी.”

त्यांनी एक खुर्ची ओढून माझ्यासमोर आडवी ठेवली. ही तुमची ॲक्टिव्हा. बसा. कुठला पाय खाली? पाऊल कुठे बघत होतं, समोर की बाहेर? घसरला तो कुठल्या दिशेनं? अंग कुठे गेलं? मी त्या खुर्चीवर बसून हळूहळू पडले. दोनदा. दुसऱ्या वेळेला गुडघा आत जातानाची ती विचित्र जाणीव अंगात परत आली आणि मी थांबले. ते म्हणाले, “झालं. आता उठा.”

मग म्हणाले, “सूज केव्हा आली?”

“दुसऱ्या दिवशी. बहुतेक.”

“बहुतेक नको. त्या रात्री झोपताना गुडघ्याची वाटी दिसत होती?”

मी सांगणार होते की आठवत नाही. आणि एकदम आठवलं. आंबेहळद. आईचं बोट वाटीच्या कडेकडेनं फिरलं होतं आणि दोन्ही बाजूंच्या खळग्यांत लेप साचून जाड झाला होता, वाळल्यावर तिथेच आधी तडकला होता. म्हणजे खळगे होते. म्हणजे त्या रात्री गुडघा भरलेला नव्हता. हे मी सांगितलं तेव्हा म्हातारबुवा इतके खूश झाले की मला वाटलं आईला बक्षीस देतील.

“आणि पडल्यावर उठून चार पावलं टाकली?”

टाकली होती. लंगडत, गाडी ढकलत. या चार पावलांनाही अर्थ आहे हे मला तेव्हा कळलं. कॅनडातल्या ओटावा इथल्या डॉक्टरांनी १९९५ साली एक साधा हिशेब मांडला: गुडघ्याला मार लागलेल्या कोणाचा एक्स-रे काढायचा आणि कोणाचा नाही. वय ५५ किंवा जास्त. नुसत्या वाटीवर दाबल्यावर दुखणं. बाहेरच्या बाजूच्या बारक्या हाडाच्या डोक्यावर दुखणं. गुडघा काटकोनात न वाकणं. आणि लागल्या लागल्याही व दवाखान्यातही चार पावलं न टाकता येणं, मग ती लंगडत का असेनात. यातलं एकही नसेल तर हाड मोडलेलं असण्याची शक्यता फार थोडी. आपल्याकडे उलट आहे. आपण एक्स-रे आधी काढतो आणि पावलं नंतर मोजतो.

मी टेबलावर आडवी झाले. डॉक्टरांनी उजवा पाय हातात घेतला.

“हा नाही डॉक्टर, तो दुखतो.”

“माहीत आहे. आधी चांगला गुडघा ओळखू द्या.”

चांगल्या गुडघ्याला त्यांनी वाकवलं, हलवलं, बाजूला ढकललं, पुढे ओढलं. प्रत्येक माणसाच्या दोऱ्या वेगळ्या ताणाच्या असतात, काहींच्या जन्मजातच सैल, म्हणून दुखऱ्या गुडघ्याला मोजायची पट्टी त्याच माणसाचा दुसरा गुडघा. मग डावा घेतला आणि मला म्हणाले, “एका बोटानं दाखवा. एकाच.”

पंजा पसरून ‘इथे सगळीकडे’ म्हणायची सोय त्यांनी काढून घेतली. मी आतल्या बाजूनं बोट फिरवत गेले आणि एका जागी कळ निघाली. त्यांनी खिशातलं बॉलपेन काढून तिथे फुली मारली. मग गुडघा वाकवून, सांधा जिथे उघडतो त्या फटीवरून पेननं आडवी रेघ ओढली. फुली रेघेवर नव्हती, दोन बोटं वर होती.

“गादी या रेघेत राहते. गादी फाटली की माणूस बोट सहसा या रेघेवर ठेवतो. तुमचं बोट मांडीच्या हाडावर आहे. तिथे काय चिकटलेलं असतं? आतल्या बाजूचं लिगामेंट, हाडाला हाड बांधणारी पट्टी.”

आयुष्यभर ज्याला मी ‘गुडघा’ म्हणत आले त्यात इतक्या जवळजवळ इतके वेगळे शेजारी राहतात याची मला कल्पना नव्हती. वर मांडीचं हाड, खाली नडगी, समोर वाटी. मांडीच्या हाडाचे दोन गोल गाल खालच्या जवळजवळ सपाट हाडावर टेकतात. गोल वस्तू सपाटीवर ठेवली तर घरंगळेल, म्हणून मध्ये दोन चंद्रकोरी गाद्या. आतल्या बाजूची कोर उघडी, बाहेरची जवळजवळ गोल मिटलेली. मेनिस्कस या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थही चंद्रकोरच. या गादीच्या फक्त बाहेरच्या काठाला रक्त मिळतं. कालव्याच्या पाण्यासारखं आहे, मुखाजवळच्या शेतांना पोचतं, टोकाची कोरडी. म्हणून काठाची फाट शिवली तर भरून येण्याची आशा, आतल्या कडेची सहसा भरून येत नाही. आणि दोन्ही बाजूंना, आत-बाहेर, सांधा कडेला उघडू नये म्हणून पट्ट्या. माझी आतल्या बाजूची पट्टी ताणली गेली होती. खुर्चीवर पडून दाखवलं तेव्हाच डॉक्टरांना ते कळलं असणार. पुढचं सगळं खातरजमेसाठी.

खातरजमा अशी: गुडघा जरासा, तीसेक अंशांत वाकवून त्यांनी नडगी बाहेरच्या बाजूला ढकलली. मी किंचाळले. फट थोडी उघडली आणि थांबली. पाय सरळ करून तेच केलं, उघडली नाही. सरळ पायात उघडली असती तर आतल्या इतर दोऱ्याही गेल्याचा संशय घ्यावा लागतो. मग पुन्हा थोडा वाकवून एका हातानं मांडी धरली, दुसऱ्यानं नडगी, आणि नडगी पुढे ओढली. ती जराशी आली आणि टच्च थांबली, बैलाचं दावं ताणल्यावर थांबावं तशी. या तपासणीला लॅकमनची चाचणी म्हणतात, १९७६ साली ती छापून आली. “भाच्याच्या गुडघ्यात हा थांबा नव्हता,” डॉक्टर म्हणाले, “ओढत जावं आणि पलीकडे कोणीच नाही, असं लागतं हाताला.” शेवटी गुडघा पूर्ण मिटवून पावलाला पिळा देत देत उघडला. गादीचा तुकडा अडकत असेल तर इथे खटका लागतो. लागला नाही.

एवढं झाल्यावर त्यांनी तांब्या उचलला आणि पाकीट उघडलं.

“ग्रेड टू,” मी आधीच म्हणाले. “दोन्हीकडे ग्रेड टू आहे.”

“तेच तर.” ते हसले. “लिगामेंटच्या तोंडी ग्रेड टू म्हणजे अर्धवट फाटलेलं. गादीच्या तोंडी ग्रेड टू म्हणजे न फाटलेली. फोटोत गादीच्या आत एक पांढुरकी रेघ दिसते, पृष्ठभागापर्यंत पोचलेली नसते. पोचली तर ती ग्रेड थ्री, तिला फाटणं म्हणायचं. तुमची रेघ आत आहे. केस पांढरे होतात तसं समजा. तुमच्या चांगल्या गुडघ्याचा फोटो काढला तर तिथेही हीच निघाली तर मला नवल वाटणार नाही.”

एकाच कागदावर, एकाखाली एक, तोच आकडा, आणि दोन अर्थ. तीन वेळा वाचून मी बरोबर उलटं समजले होते. ज्याला घाबरायचं नव्हतं त्याला घाबरले आणि जे खरंच दुखत होतं त्याच्याकडे बघितलंही नाही. पोस्टेरिअर हॉर्न म्हणजे मागचं शिंग, हेही त्यांनीच सांगितलं. मी म्हटलं, शिंग नंदीचं तुटलं, माझं नाही. ते काही त्यांना कळलं नाही.

त्या रात्री झोप येईना म्हणून मी वाचत बसले. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या पन्नाशी ओलांडलेल्या ९९१ माणसांचे गुडघे एमआरआयखाली घातले होते, गुडघा दुखतो म्हणून नव्हे, सरसकट. २००८ साली निष्कर्ष छापले. ज्यांच्या गादीत चक्क फाट निघाली त्यांच्यातल्या ६१ टक्के लोकांना मागच्या महिन्यात गुडघ्याची कसलीच तक्रार नव्हती. फाट होती, दुखणं नव्हतं. फिनलंडमधल्या डॉक्टरांनी तर आणखी धाडस केलं. वयानं झिजून फाटलेल्या गादीचे १४६ रोगी घेतले, सर्वांना दुर्बीण घालून पाहिलं, पण गादी निम्म्यांचीच कापली. बाकीच्यांच्या बाबतीत कापल्याचं नाटक केलं. वर्षानंतर दोन्ही गटांना सारखंच बरं वाटत होतं. २०१३ ची गोष्ट. हे वाचून कोणी आपली तारीख रद्द करू नये. ज्याचा गुडघा अडकून बसला आहे, सरळच होत नाही, किंवा ज्या तरण्या पोराची गादी खेळताना उभी फाटली आहे, त्याचा मामला वेगळा आहे. गुडघा लाल, गरम आणि अंगात ताप असेल, किंवा मार लागल्यावर पाऊल गार आणि बधिर पडत असेल, तर वाचतही बसू नये, रिक्षा करून थेट मेडिकल, म्हणजे सरकारी मोठा दवाखाना, गाठावं. पण माझ्यासारखीच्या बाबतीत फोटो खोटं बोलत नव्हता, आणि तरी त्यानं सांगितलं ते माझ्या दुखण्याबद्दल नव्हतं.

गुरुवारची तारीख मी फोन करून सोडली. कारण विचारलं नाही, पुढच्याला दिली असेल.

इलाज अगदीच बेचव निघाला. दोन्ही बाजूंना बिजागरी असलेला पट्टा सहा आठवडे. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून ती दाबायची, दहा मोजायचे, सोडायची. पाय सरळ ठेवून उचलायचा. दहा दिवस लोळण्यात डावी मांडी उजवीपेक्षा बारीक झाली होती. शिंप्याच्या टेपनं वाटीच्या वर चार बोटांवर मोजली तर पाऊण इंच कमी. गुडघ्याला खरा आधार मांडीच्या स्नायूचा असतो आणि तो इतक्या लवकर रुसतो हे बघून धक्काच बसला. दर रविवारी आई टेप धरायची. पाव इंच भरला की तिला माझ्यापेक्षा जास्त आनंद. सहाव्या आठवड्यात मी जिना चढले, आठव्यात उतरले. उतरणं चढण्यापेक्षा अवघड, तेव्हा गुडघ्यावर अंगाच्या वजनाच्या तिपटीहून जास्त भार येतो. हे आई मला आठ वर्षं सांगत होती, आकडा न सांगता.

आईलाही मी त्या ओसरीवर नेलं. तिचा जुना एक्स-रे त्यांनी बाजूला ठेवला, कारण तो झोपवून काढलेला होता. झोपल्यावर सांध्यात जागा दिसते. उभं राहून काढला तर हाडाला हाड किती टेकलं ते दिसतं. उभं राहून काढला. आतल्या बाजूला जागा जवळपास नव्हतीच. मी पुढचं वाक्य काय येणार ते ओळखून आईचा हात धरला. डॉक्टरांनी फिल्म खाली ठेवून तिला विचारलं, “माय, सकाळी उठल्यावर किती वेळ आखडते?”

“चहा होतवर.”

“रात्री झोपेतून उठवते का?”

“नाही बाप्पा.”

“देवळात जाऊ देते?”

“जाते मी. येतानी एकदा बसते वट्ट्यावर.”

“मग अजून जाऊ द्या.” आणि तिलाही टॉवेलची गुंडाळी. बाहेर आल्यावर ती म्हणाली, “फोटोत त् लय खराब हाये म्हनते. मले काहून तेवढा नाही वाटत?” मी तिला फ्रेमिंगहॅम सांगायला गेले, ती म्हणाली, हळू चाल.

आता आम्ही दोघी सकाळी शेजारी शेजारी टॉवेल दाबतो. भाचा मैदानावर परतलाय, नवव्या नाही, अकराव्या महिन्यात. नंदीचं शिंग फेविकॉलनं चिकटवलं, थोडं वाकडं बसलं, जावेच्या पोराची त्याबद्दल तक्रार नाही.

रस्त्याची कड आहे तशीच आहे. टँकरही येतो. मी थांबते तेव्हा दोन हात आत थांबते, मागचे हॉर्न वाजवतात. आई मागे एकांगी बसलेली असली की टँकर दिसायच्या आधीच माझ्या खांद्यावर चापट मारते, “आत घे वं, आत घे.”